सहा-अष्टमांश म्हणजे पाऊण नव्हे

आमच्या घरांत सध्यां दोन वाद्यें आहेत. एक सूनबाईची पेटी. ती गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत होती तेव्हांपासूनची. दुसरें नातवाचें गिटार. पहिलें सायंकाळीं देवापुढें दिवा लागल्यावर वाजतें. दुसरें केव्हां वाजेल याचा नेम नाहीं. नातू मोबाइलवर पाहून शिकतो. शिकविणारा कोठल्या देशांत बसलेला असतो देव जाणे. परंतु शिष्याच्या चुका त्याच्या कानीं पडत नाहींत, एवढें सुख आमच्या वेळच्या गुरूंना नव्हतें.

गेल्या चैत्रांत हा मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. वहींत पांच आडव्या रेघा, त्यांवर काळे ठिपके, आणि आरंभीं एकावर एक असे दोन अंक: वर ६, खालीं ८. "आबा, हें काय असतं?" त्यानें विचारलें. मीं पस्तीस वर्षें शाळा केली आहे. मी म्हणालों, "अरे, अंश सहा, छेद आठ. दोघांनाहि दोनांनीं भाग दे. तीन-चतुर्थांश. पाऊण." तो म्हणाला, "पण तिथं तीन-चतुर्थांश म्हणून दुसरंच दाखवलं आहे. दोन्ही निराळी आहेत म्हणे." अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्यानें त्याची किंमत बदलत नाहीं, असें मीं त्याला ठणकावून सांगितलें. इतक्यांत माजघरांतून सूनबाईचा आवाज आला, "मामंजी, तो अपूर्णांक नव्हे. तो ताल आहे."

पुढें तासभर जें कांहीं झालें त्यांत शिकविणारी ती होती आणि नातू व मी एका बाकावरचे विद्यार्थी होतों. तिनें सांगितलें तें असें. पाश्चात्त्य लेखनपद्धतींत वरचा अंक एका आवर्तनांत किती मात्रा मोजावयाच्या तें सांगतो, आणि खालचा अंक ती मात्रा कोणत्या मापाची धरावयाची तें सांगतो. ८ म्हणजे पूर्ण स्वरचिन्हाचा अष्टमांश, ४ म्हणजे चतुर्थांश. वेग किती ठेवावयाचा हें या दोन अंकांत कोठेंच नसतें. तें निराळें लिहावें लागतें. म्हणजे सहा-अष्टमांश आणि तीन-चतुर्थांश यांत मावणारा काळ गणितानें सारखाच, येथवर माझें म्हणणें खरें होतें. परंतु पहिल्यांत सहा लहान मात्रा तीन-तीनांच्या दोन गटांत पडतात, आणि दुसऱ्यांत त्याच सहा दोन-दोनांच्या तीन गटांत. पहिल्यांत वजन येतें पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. दुसऱ्यांत पहिल्या, तिसऱ्या आणि पांचव्या मात्रेवर.

वाचकांनीं हें वाक्य नुसतें वाचून पुढें जाऊं नये. मासिक मांडीवर ठेवावें, 'एक दोन तीन चार पांच सहा' असें सावकाश म्हणत राहावें, आणि आधीं एक व चार यांवर टाळी द्यावी. असें आठ-दहा वेळां झाल्यावर, मोजण्याचा वेग न बदलतां, एक, तीन व पांच यांवर टाळी द्यावी. अंक तेच, वेग तोच. परंतु पहिल्या खेपेस पाळणा हालल्यासारखें वाटतें, दुसऱ्या खेपेस अंग गिरकी घेऊं पाहतें. युरोपांतील वॉल्ट्झ नांवाचें युगुलनृत्य तीन-चतुर्थांशांत चालतें तें यामुळेंच. लेनर्ड बर्नस्टाइन यांनीं 'वेस्ट साइड स्टोरी' (१९५७) या संगीतनाटकाच्या 'अमेरिका' या गाण्यांत हे दोन प्रकार एकाआड एक ठेविले आहेत. एक आवर्तन तीन-तीनांचें, लगेच दुसरें दोन-दोनांचें. नातवानें तें लावून दाखविलें. त्याला पहिल्या खेपेस कळलें, मला चौथ्या.

येथें एक खुलासा केला पाहिजे, कारण घरोघरीं हा घोटाळा होतो. गणपतीच्या दिवसांत आरती सुरू होते तेव्हां टाळ्या संथ असतात, आणि कापूर लावण्याच्या सुमारास मुलें इतकी घाई करितात कीं शब्दांस शब्द भिडतात. तेव्हां 'ताल बदलला' असें आपण म्हणतों. ताल बदललेला नसतो. लय वाढलेली असते. मात्रा तेवढ्याच, त्यांची वांटणी तीच, फक्त त्या लवकर येतात.

आपल्याकडे सहा मात्रांचा दादरा, तीन-तीनांचा. केरवा आठांचा, चार-चार. रूपक सातांचा, तीन-दोन-दोन. झपताल दहांचा, दोन-तीन-दोन-तीन. दीपचंदी चौदांची, तीन-चार-तीन-चार. दिवसभर ज्या चित्रपटगीतांवर घरांतील कामें उरकतात त्यांपैकीं बहुतेकांचा निर्वाह केरवा आणि दादरा या दोघांवरच होतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लेखनपद्धतींत ताल मांडतांना विभागांच्या रेघा असतात, समेखालीं × असतो, आणि जेथें टाळी न देतां हात नुसता उलगडावयाचा त्या कालाखालीं ०. ही जी मोकळी जागा, जिला वादक 'खाली' म्हणतात, ती दाखविण्याची सोय त्या दोन अंकांत नाहीं. नातवाला मीं हें मोठ्या अभिमानानें सांगितलें. तो म्हणाला, "पण त्यांना ती लागतच नसेल." यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

आतां मात्रा हा शब्द निघाला कीं मी मोकळा बसूं शकत नाहीं. मॅट्रिकनंतर पाठशाळेंत बसून जें कांहीं पदरांत पडलें त्यांत छंदःशास्त्र पहिलें. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, हें गणित मीं जन्मभर केलें आणि मुलांकडून करवून घेतलें. तेव्हां सूनबाईच्या पेटीपुढें बसून मीहि माझें दुकान मांडलें.

घेऊं या भुजंगप्रयात. समर्थांचे मनाचे श्लोक, सगळे दोनशें पांच, याच वृत्तांत आहेत. चरणांत चार य-गण. य-गण म्हणजे लघु, गुरु, गुरु. एक, दोन आणि दोन, मिळून पांच मात्रा. चार गणांच्या वीस. म्हणजे दिवेलागणीस पाढ्यांनंतर हे श्लोक म्हणणारें प्रत्येक घर पिढ्यान्‌पिढ्या पांचांच्या चालींत चाललेलें आहे, आणि कोणाच्या गांवींहि त्याची वार्ता नाहीं. (चरणाच्या शेवटीं श्वास घेण्याकरितां थांबतात तो काळ निराळा.) अमेरिकेंत डेव्ह ब्रूबेक यांच्या वाद्यवृंदानें १९५९ सालीं 'टेक फाइव्ह' ही पॉल डेझमंड यांची रचना पांच मात्रांत वाजविली तेव्हां तिचें केवढें कौतुक झालें! नातवानें ती ऐकविल्यावर मीं आमच्या पांच वर्षांच्या नातीला हांक मारली आणि तिच्याकडून दोन श्लोक म्हणवून घेतले. तिला तीन आणि दोन असें वजन देण्यास कोणीं शिकविलें नव्हतें. झपतालांतहि पांचच, परंतु तेथें दोन आधीं आणि तीन मागून. म्हणून हे श्लोक सरळ झपतालावर ठेवूं गेल्यास पाऊल अडखळतें.

दुसरें उदाहरण रूपकाचें. 'अनपढ' (१९६२) या चित्रपटांतील 'आप की नज़रों ने समझा' हें मदन मोहन यांनीं बांधलेलें आणि लता मंगेशकर यांनीं गायिलेलें गीत रूपकांत आहे. उर्दू छंदांत त्याचें माप फाइलातुन, आपल्या भाषेंत गालगागा. गुरु, लघु, गुरु, गुरु: दोन आणि एक मिळून तीन, मग दोन, मग दोन. रूपकाची वांटणी हीच! आपल्याकडे हेंच माप देवप्रिया वृत्ताचें. रूपकाची आणखी एक गंमत अशी कीं त्याची पहिलीच मात्रा खाली असते. इतर तालांत जेथें जोराची टाळी पडावी तेथें यांत हात उलगडतो. टाळी चौथीवर आणि सहावीवर. वाचकभगिनींनीं हें गाणें एकदां लावून तीन-दोन-दोन मोजून पाहावें. दोन ओळी चुकतील. तिसऱ्या ओळीला हात आपोआप बसेल.

येथवर माझा अभिमान शाबूत होता. वृत्त आणि ताल हीं एकाच आईचीं लेंकरें, एकास ओळखलें कीं दुसरें ओळखलेंच, असें मी म्हणूं लागलों होतों. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें पेटी पुढें ओढली, एक अभंग धरला आणि मला सांगितलें, "मामंजी, यावर टाळी द्या." माझी टाळी पहिल्या चरणांतच घसरली. आणि त्याबरोबर मला एका मुलाची आठवण झाली.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. याच जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत मी मराठी आणि संस्कृत शिकवीत होतों. स्नेहसंमेलनासाठीं मुलांकडून तेरच्या गोरोबाकाकांचा एक अभंग बसवून घेण्याचें काम माझ्याकडे आलें. गाण्याचा शिक्षक शाळेस नव्हता, आणि वृत्तें शिकविणाऱ्याला ताल येत असलाच पाहिजे अशी मुख्याध्यापकांची समजूत होती. माझीहि तीच होती. मोठ्या अभंगाचें माप सर्वांस ठाऊक आहे: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरें, चौथ्यांत चार. येथें लघुगुरूंचा विचार नाहीं, अक्षरें मोजावयाचीं. सहा अक्षरें, तेव्हां सहांचा ठेका, असा मीं हिशेब केला आणि मुलांना तशी टाळी धरावयास लावली. वीस-बावीस मुलें निमूटपणें धरूं लागलीं. एक मात्र धरीना. मागल्या रांगेंतील एक गोंधळ्याचा मुलगा चार-चारांचीच टाळी देई. मीं त्याला दोनदां समजावून सांगितलें. फळ्यावर सहा अक्षरें लिहिलीं, त्यांखालीं सहा उभ्या रेघा ओढल्या. तो पाहून "व्हय गुरुजी" म्हणे, आणि गाणें सुरू झालें कीं त्याचा हात पुन्हां चार-चारांवर जाई. तिसऱ्या दिवशीं मीं त्याला रांगेंतून बाहेर काढलें. "तुझ्या घरचें तुणतुणें येथें नको," असें एक वाक्यहि माझ्या तोंडून गेलें. तें लिहावें कीं न लिहावें असा विचार करून लिहिलें आहे.

संमेलनांत अभंग कसा झाला तें सांगण्यासारखें नाहीं. साथीला गांवांतील एक वृद्ध वारकरी मृदंग घेऊन बसले होते. पहिल्या चरणानंतर त्यांनीं हात थांबविला, मुलांकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि पुढें नुसत्या टाळांवर वेळ निभावून नेली. तेव्हांहि मला वाटलें कीं, वयोमानानें त्यांचाच हात बिघडला.

जिल्हा तर असा कीं, तुळजापुरास बाराहि महिने संबळ घुमतो, येरमाळ्यास चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत येडेश्वरीपुढें आराध्यांचीं गाणीं चालतात, आणि तेरणेच्या कांठीं गोरोबाकाकांच्या समाधीपुढें टाळमृदंगाचें भजन होतें. त्यांत वाढलेला माझा कान इतका कोरा कसा राहिला? कारण मी ऐकत नव्हतों, मोजीत होतों. आणि मोजीत होतों तें सुद्धां अक्षरें.

सूनबाईनें सांगितलें तें थोडक्यांत येथें देतों. वारकरी भजनाचा ठेका आठ मात्रांचा असतो. सहा अक्षरें आठ मात्रांत बसवावयाचीं म्हणजे कांहीं अक्षरें लांबवावीं लागतात. कोणतीं लांबवावयाचीं तें चालीवर अवलंबून. चौथ्या चरणांत अक्षरें चारच, पण त्यालाहि जागा आठांचीच. तेथें एक तर अक्षरें दुप्पट लांबतात, नाहीं तर तीं लवकर संपतात आणि उरलेल्या जागेंत टाळमृदंग बोलतो. गालगागांत कवीचा हिशेब आणि तबलजीचा हिशेब जुळले, ते कवीनेंच मात्रा मोजल्या होत्या म्हणून. अभंगांत कवीनें अक्षरें मोजलीं आणि मात्रा गाणाराच्या हातीं सोडल्या. हा भेद माधवराव पटवर्धनांची 'छंदोरचना' उशाशीं घेऊन झोपणाऱ्या माणसास ठाऊक असावयास हवा होता. पुस्तकांत तो मीं वाचलाहि होता. तो टाळीवर उतरवावयाचा असतो हें मात्र सुचलें नव्हतें.

वैशाखांत पुतण्याचें लग्न झालें. आमचें कुलदैवत तुळजाभवानी. तेव्हां लग्नानंतर गोंधळ घालणें आलेंच. ओसरीवर पाट, त्यावर कोरें वस्त्र, वस्त्रावर तांदळांचा चौक, मधोमध कलश, शेजारीं दिवटी. गोंधळी तीन आले: एकाजवळ संबळ, एकाजवळ तुणतुणें, एकाजवळ झांज. संबळ ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्याकरितां सांगतों कीं, ती एकमेकांस जोडलेल्या दोन नगाऱ्यांची जोडी असते, एक लहान चढ्या आवाजाचा, एक मोठा खर्जाचा. कमरेला बांधून दोन काठ्यांनीं वाजवितात आणि त्यांतील एका काठीचें टोंक वळविलेलें असतें. गांवोगांवच्या देवदेवतांना एकामागून एक आवतण देऊन झालें, 'उदो उदो' चा गजर झाला, आणि मग ठेका धरला गेला.

नातू माझ्या शेजारीं बसून बोटांवर मोजीत होता. "आबा, सहा. तीन आणि तीन," तो कानांत म्हणाला. मलाहि तेंच ऐकूं येत होतें. खर्जाचा घाव पहिल्यावर आणि चौथ्यावर, आणि नाचणाराचीं पावलें त्याच दोन जागीं. दहा-पंधरा मिनिटें असें चाललें असेल. मग मध्येंच, वेग रतिभरहि न हलवितां, संबळवाल्यानें तेच सहा दोन-दोनांत वांटून टाकले. तीन घाव, तीन घाव, आणि परत तीन-तीनांवर. मंडपांतील बायकापोरें एकदम पुढें सरसावलीं. कां सरसावलीं तें त्यांतील एकासहि सांगतां आलें नसतें. नातू उठून उभा राहिला. "आबा, पाऊण! आतां पाऊण झाली!" तो ओरडला.

पहांटे चहाच्या वेळीं मी मुद्दाम संबळवाल्याजवळ जाऊन बसलों. पन्नाशीच्या घरांतील माणूस. विचारलें, "हा ठेका किती मात्रांचा हो?" तो म्हणाला, "मोजत न्हाई गुरुजी आमी. नाचणाराच्या पायाकडं बगायचं. पाय पडल तितं वजन." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "वळखलं न्हाई जणू तुमी मला. गोरोबाकाकाच्या अभंगातनं भाईर काढलं हुतं." आणि तो हंसला. मला हंसूं आलें नाहीं.

"तुझंच बरोबर होतं," मी म्हणालों. "आठच होते."

"त्ये मला ठावं हुतं की," तो म्हणाला. "पर तुमी गुरुजी."

पुढें शाळा किती झाली असें विचारलें. सातवीपतुर, मग बापासंगं गोंधळाला, असें उत्तर आलें. तें त्या तिसऱ्या दिवसामुळें झालें असें मी म्हणत नाहीं. त्यानेंहि म्हटलें नाहीं. चहा संपल्यावर त्यानें पेला बाजूला ठेविला आणि म्हणाला, "म्हना गुरुजी त्यो अभंग. आट्यवतो का?" मला तो पाठ होता. त्यानें ओसरीच्या खांबावर बोटांनीं ठेका धरला, चार आणि चार. तीन चरण नीट गेले. चौथ्या चरणाचीं चार अक्षरें संपलीं आणि संवयीनें मी लगेच पुढच्या कडव्यावर गेलों. त्यानें हात वर केला. "थांबा. जागा हाय आजून." पुन्हां म्हटलें, पुन्हां मी घाई केली. नातू पायरीवर बसून मोठ्यानें मोजूं लागला. तिसऱ्या खेपेस मी थांबलों. राहिलेल्या मात्रा त्यानें खांबावर बोटांनीं भरल्या, आणि मग मान हालवून मला पुढचें कडवें घेण्याची खूण केली.